जमेची बाजू

परवा संध्याकाळी घरी आले आणि चपला काढायच्या आधीच सुरू झाले. नळ स्टॉपच्या सिग्नलला एक जण उलट्या बाजूने आला, माझ्या स्कूटरचा आरसा घासून गेला आणि वर मलाच म्हणाला, "मावशी, नीट चालवा की!" मावशी! हा प्रसंग मी आधी नवऱ्याला सांगितला, मग मुलीला, मग फोनवर बहिणीला. दर वेळी थोडं मीठमसाला वाढत गेलं. रात्री दात घासताना आरशातल्या स्वतःलाही एकदा सांगून झालं.

त्याच दिवशी आणखी काय काय झालं होतं, ते मला दुसऱ्या दिवशी आठवलं. वर्षभर मागच्या बाकावर पेंगणारा एक मुलगा तास संपल्यावर थांबला आणि चक्क एक चांगला प्रश्न विचारून गेला. भाजीवालीने न मागता कोथिंबिरीची अर्धी जुडी पिशवीत टाकली. लॉ कॉलेज रस्त्यावरून येताना पाऊस नुकताच थांबला होता आणि झाडांखालून जाताना फक्त पानांवरचं पाणी टपटपत होतं. या तीनपैकी एकही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. आरशाला तर नाहीच नाही.

मी अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवते. हे असं का होतं, ते दरवर्षी फळ्यावर लिहून देते. तरी माझं होतंच. २००१ साली रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. नाती, पैसे, शिकणं, आठवणी, कुठेही पाहा, वाईट गोष्ट तेवढ्याच आकाराच्या चांगल्या गोष्टीपेक्षा जड पडते, असं त्यात दिसलं. आपल्याकडे हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं: सुख जवापाडे, दुःख पर्वताएवढे.

यामागचं कारण समजायला फार डोकं लागत नाही. झुडपात खसपसलं. वाघ समजून पळाला आणि निघाला ससा, तर माणूस दमला एवढंच. ससा समजून थांबला आणि निघाला वाघ, तर त्याचा वंश तिथेच खुंटला. आपण सगळी पळालेल्यांची नातवंडं आहोत. धोका आधी दिसावा, जास्त वेळ आठवावा आणि चारचौघांना सांगावासा वाटावा, अशीच या मेंदूची घडण आहे. आता वाघ नाही, पण नळ स्टॉप आहे.

थोडक्यात, मनाच्या वहीत खर्च आपोआप मांडला जातो. जमा मात्र आपल्या हाताने लिहावी लागते. या लेखात मला सांगायचं आहे ते एवढंच. पण जमा लिहिली तर नेमकं होतं काय, ती कशी लिहायची आणि कशी लिहायची नाही, यात बराच घोळ आहे. म्हणून जरा सविस्तर.

आधी एक शब्द बाजूला करू. "पॉझिटिव्ह राहा" म्हटलं की पुणेकराच्या कपाळाला आठी पडते, आणि माझ्या मते ती रास्त आहे. पहाटे साडेपाचला येणारे गुलाबाचे फोटो, त्यावर गिचमीड अक्षरातला सुविचार, आणि पाठवणारे गृहस्थ सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून सगळ्यांच्या अंगावर धावून जाणारे. शिवाय २०२० आणि २०२१ मध्ये आपण "पॉझिटिव्ह आला" हे शब्द ज्या धास्तीने ऐकलेत, त्यानंतर तो शब्द थोडा विटलाच आहे.

पण सकारात्मक विचार वेगळा आणि सकारात्मक भावना वेगळी. विचार म्हणजे स्वतःला काहीतरी सांगणं, "सगळं छान होईल". भावना सांगून येत नाही. ती काही सेकंद, फार तर काही मिनिटं टिकते आणि अंगात उमटते. खांदे सैल होतात, श्वास लांबतो, चेहऱ्यावर काहीतरी हलतं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या बार्बरा फ्रेड्रिकसन यांनी या विषयावर आयुष्य घालवलं. त्या अशा दहा भावना मोजतात. आपल्या शब्दांत सांगायचं तर आनंद, कृतज्ञता, निवांतपणा, कुतूहल, आशा, अभिमान, गंमत, स्फूर्ती, विस्मय आणि जिव्हाळा. यादी नीट पाहिली की लक्षात येतं, यात "मजा करणं" फार थोडं आहे. सवाई गंधर्व महोत्सवात मंडपात बसून एखादी तान ऐकताना अंगावर काटा येतो तो विस्मय. गणपतीच्या आधी महिनाभर ढोल-ताशाच्या सरावाला जाऊन हाताला घट्टे पडलेल्या पोराला मिरवणुकीत जे वाटतं तो अभिमान. मुलाला सायकलची चेन कशी बसवायची ते सापडतं, तेव्हा त्याच्या काळ्या हातांमागे जे असतं ते कुतूहल.

बरेच दिवस मानसशास्त्राला या भावनांचं काय करावं ते कळत नव्हतं. भीतीचा उपयोग सरळ आहे: पळा. रागाचा उपयोग: भिडा. किळस: थुंका. पण आनंदाचा उपयोग काय? आनंद झाला की माणूस नेमकं काहीच करत नाही. उड्या मारतो, गुणगुणतो, इकडेतिकडे बघतो. १९९८ साली फ्रेड्रिकसन यांनी हाच प्रश्न घेऊन एक लेख लिहिला आणि त्याचं जे उत्तर दिलं ते आज या विषयाचा पाया मानलं जातं. त्या म्हणाल्या, हे इकडेतिकडे बघणं हाच उपयोग आहे. भीती आणि राग नजर अरुंद करतात, समोरच्या एका गोष्टीवर खिळवतात. आनंद, कुतूहल, निवांतपणा नजर रुंद करतात. रुंद नजरेला नव्या वाटा, नवी माणसं, नव्या युक्त्या दिसतात. भावना ओसरते, पण त्या वेळात सापडलेलं मागे राहतं आणि साठत जातं.

हे वर्गात समजावण्यासाठी मी एक जुनं कोडं वापरते. कार्ल डंकर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाचं आहे. टेबलावर एक मेणबत्ती, एक काडेपेटी आणि ड्रॉइंग पिनांनी भरलेली पुठ्ठ्याची छोटी डबी. मेणबत्ती भिंतीवर अशी लावायची की पेटवल्यावर मेण खाली टेबलावर सांडणार नाही. एवढंच.

मुलं आधी मेणबत्तीतच पिन खुपसतात. ती तुटते. मग कुणीतरी मेण वितळवून ती भिंतीला चिकटवू पाहतं. ती घसरते आणि शिपाईकाका दारातून माझ्याकडे बघतात, कारण भिंत नुकतीच रंगवलेली असते. उत्तर डबीत आहे. डबीत म्हणजे डबीच. पिना बाहेर ओतायच्या, रिकामी डबी दोन पिनांनी भिंतीला ठोकायची आणि तिच्यात मेणबत्ती उभी करायची. पण डोळ्यांना ती डबी "पिना ठेवायची वस्तू" म्हणूनच दिसत राहते. पिना डबीबाहेर सुट्या ठेवल्या तर हेच कोडं फार सोपं होतं.

एका वर्षी हे कोडं मी चाचणीचे पेपर वाटल्यावर लगेच दिलं. वर्गात स्मशानशांतता होती, आणि कोडंही सुटलं नाही. दुसऱ्या तुकडीला गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशी दिलं. आदल्या रात्रीच्या नाटकात एकाची मिशी गळून पडली होती, त्यावर वर्ग अजून हसत होता. दोन मिनिटांत तिसऱ्या बाकावरची मुलगी ओरडली, "मॅडम, डबी!" याला कुणी प्रयोग म्हणणार नाही. दोन तुकड्या, दोन वेगळे दिवस, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण खरा प्रयोग झालेला आहे. १९८७ साली अ‍ॅलिस आयसेन आणि सहकाऱ्यांनी काही जणांना काही मिनिटांची विनोदी फिल्म दाखवली, काहींना साधी, आणि मग हेच कोडं दिलं. हसून आलेल्यांपैकी कितीतरी जास्त जणांना डबी सापडली. दहा वर्षांनी आयसेन यांच्याच चमूने डॉक्टरांवर असाच प्रयोग केला. काहींना आधी गोळ्या-चॉकलेटची छोटी पुडी भेट दिली आणि मग सगळ्यांना एका रुग्णाची माहिती देऊन निदान करायला सांगितलं. आजार यकृताचा होता. पुडी मिळालेल्या डॉक्टरांनी यकृताचा विचार आधी केला आणि पहिल्या अंदाजाला चिकटून बसण्याचं प्रमाणही त्यांच्यात कमी होतं. तेव्हा दवाखान्यात आत जाताना डॉक्टरांना हसून नमस्कार करणं हा निव्वळ शिष्टाचार नाही, आपला स्वार्थही आहे.

दुसरा उपयोग अंगाशी जास्त निगडित आहे. फ्रेड्रिकसन यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला प्रयोग असा. माणसाला सांगायचं: एका मिनिटात भाषण तयार करा, कॅमेऱ्यासमोर द्यायचं आहे. छाती धडधडते, रक्तदाब चढतो, हात गार पडतात. मग म्हणायचं, भाषण रद्द, ही छोटी फिल्म बघा. काहींना समुद्राच्या लाटा, काहींना खेळणारं कुत्र्याचं पिल्लू, काहींना संगणकावरच्या नुसत्या रेघोट्या, काहींना रडवणारा प्रसंग. लाटा आणि पिल्लू पाहणाऱ्यांचं हृदय सर्वांत लवकर मूळपदावर आलं, दुःखद प्रसंग पाहणाऱ्यांचं सर्वांत उशिरा. यातली बारीक गोष्ट मला फार आवडते. लाटा आणि पिल्लू एरवी, शांत बसलेल्या माणसाला दाखवले तर हृदयावर फारसा परिणाम होत नाही. चढलेला ताण उतरवायला मात्र ते मदत करतात. रागावून घरी आल्यावर कुणी दारातच काहीतरी गमतीचं सांगितलं की आपण हसू दाबायचा प्रयत्न करतो आणि फसतो ना, ते हेच. तो राग खोटा नव्हता. शरीराला खाली उतरायला जिना मिळाला, इतकंच.

आता साठण्याबद्दल. २००८ साली फ्रेड्रिकसन यांच्या गटाने १३९ नोकरदार माणसांवर एक अभ्यास केला. त्यातल्या निम्म्यांना काही आठवडे मैत्रीभावनेचं ध्यान शिकवलं. बौद्ध परंपरेत त्याला मेत्ता म्हणतात. आधी स्वतःचं, मग जवळच्यांचं, मग अनोळखी माणसांचंही भलं चिंतायचं. आपल्याकडे काही नवं नाही. योगसूत्रांत पतंजलींनी मन प्रसन्न होण्यासाठी मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा असे चार भाव सांगितलेच आहेत. अभ्यासात दिसलं ते असं: पहिले एकदोन आठवडे काही फरक नाही. मग रोजच्या सकारात्मक भावना हळूहळू वाढल्या, आणि त्या वाढल्या तशी माणसांची इतरांशी नाती सुधारली, लक्ष एकाग्र करणं सुधारलं, आयुष्याबद्दलचं समाधान वाढलं. पहिल्या आठवड्यात काहीच नाही, हे मुद्दाम सांगते. जानेवारीत जिमची वर्षाची फी भरून पंधराव्या दिवशी सोडणारी माणसं माझ्या घरातच आहेत.

आयुष्य वाढतं का? इथे मी जरा हात आखडता घेते. या विषयातली सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट अमेरिकेतल्या जोगिणींची आहे. १८० कॅथलिक सिस्टर्सनी तरुणपणी, सरासरी बाविसाव्या वर्षी, हाताने आपलं छोटं आत्मवृत्त लिहिलं होतं. साठेक वर्षांनी संशोधकांनी ते कागद काढले आणि प्रत्येकीच्या लिखाणात आनंदाची, आशेची, कृतज्ञतेची वाक्यं किती, ती मोजली. ज्यांच्या लिखाणात अशी वाक्यं जास्त होती त्या सरासरी बऱ्याच वर्षांनी जास्त जगल्या. हा अभ्यास २००१ सालचा. या बायकांचं जेवण, राहणं, काम, दिनक्रम बहुतेक सारखाच होता, म्हणून त्याचं वजन मोठं. २००३ साली शेल्डन कोहेन यांनी तर ३३४ धडधाकट माणसांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब टाकले आणि त्यांना वेगळं ठेवून वाट पाहिली. एरवी आनंदी, शांत, उत्साही असणाऱ्यांना सर्दी कमी झाली.

पण २०१५ साली ब्रिटनमधल्या सुमारे सात लाख स्त्रियांवरचा अभ्यास आला आणि त्याने उलटी बाजू दाखवली. दुःखी बायका लवकर जातात हे खरं दिसतं, पण त्यातल्या अनेक जणी आधीपासून आजारी असतात. आजारपण हिशेबात धरलं की दुःखाचा स्वतःचा असा काही परिणाम उरत नाही. म्हणजे आजारामुळे दुःख येतं, हे आपण दुःखामुळे आजार असं वाचत होतो. माझा कल असा आहे: ताणातून लवकर बाहेर येणं, नाती टिकणं, डोकं मोकळं चालणं, यावर विश्वास ठेवायला भरपूर आधार आहे. "आनंदी राहा, शंभर वर्षं जगाल" असं कुणी सांगत असेल तर त्याच्याकडून काढाही विकत घेऊ नका. आणि आजारी माणसाला "तू खूश राहत नाहीस म्हणून तुला हे झालं" असं तर चुकूनही ऐकवू नका.

या शास्त्राची फजितीही झालेली आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. २००५ साली फ्रेड्रिकसन आणि मार्शल लोसादा यांनी जाहीर केलं की माणूस बहरायला सकारात्मक आणि नकारात्मक भावनांचं प्रमाण २.९०१३ला एक इतकं हवं. दशांश चिन्हानंतर चार आकडे! साधारण तीनास एक म्हणून ते जगभर कंपन्यांच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं गेलं. निक ब्राऊन नावाच्या पन्नाशीत पुन्हा शिकायला गेलेल्या एका विद्यार्थ्याला त्यातलं गणित खटकलं. त्याने भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅलन सोकल आणि हॅरिस फ्रीडमन यांना सोबत घेऊन २०१३ साली दाखवून दिलं की द्रवांच्या प्रवाहाची समीकरणं उचलून माणसांच्या भावनांना लावली आहेत आणि त्यांना काही आधार नाही. गणिताचा तो भाग मागे घ्यावा लागला. चांगल्या क्षणांचा उपयोग खोटा ठरला नाही, पण तो दशांशात मोजण्याचा हव्यास खोटा ठरला. मला यातला पन्नाशीचा विद्यार्थी जास्त लक्षात राहतो.

आणि जबरदस्ती केली तर उलटंच होतं. २००९ साली जोआन वुड यांनी काही जणांना "मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे" असं मनाशी पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच बरं होतं त्यांना किंचित बरं वाटलं. ज्यांचं वाईट होतं, म्हणजे ज्यांना खरी गरज होती, त्यांना आणखी वाईट वाटलं. आतून कुणीतरी म्हणतं ना, "काय खोटं बोलतेस!" आयरिस मॉस यांच्या २०११ च्या अभ्यासात तर ज्यांना आधी आनंदाचं महत्त्व पटवून दिलं होतं, त्यांनाच नंतर आनंदी फिल्म पाहून कमी आनंद झाला. सहलीला गेल्यावर "मला मजा येतेय का?" असं दर दहा मिनिटांनी तपासणाऱ्याला मजा येत नाही, तसंच.

माझे वडील गेले त्याच्या तेराव्याला एक नातेवाईक आईला म्हणाले, "वहिनी, आता पॉझिटिव्ह राहायचं." आई काही बोलली नाही. उठून स्वयंपाकघरात गेली आणि पुसलेलाच ओटा पुन्हा पुसत राहिली. दुःखाला त्याचा वेळ लागतो, आणि ते दुःख म्हणजे प्रेमाचीच बाकी असते. त्यावर हसरा चेहरा चिकटवायला सांगणं हा आगाऊपणा आहे. उदासी आठवडेच्या आठवडे हलत नसेल, झोप-भूक गेली असेल, जगण्यात राम वाटत नसेल, तर वहीत जमा लिहून किंवा टेकडीवर फिरून भागणार नाही. तिथे डॉक्टर हवा. रात्री-अपरात्री कुणाशी बोलायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मोफत, आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आईची गोष्ट मात्र तिथे संपत नाही. तिची हिशेबाची एक वही आहे, अप्पा बळवंत चौकातून आणलेली, लाल बांधणीची. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. लग्नापासूनची सवय. वडील गेल्यावर सातआठ महिन्यांनी मी काही बिल शोधायला ती उघडली. उजवीकडे नेहमीचंच: दूध, कोथिंबीर १०, वायरमन २००, इस्त्री. डावीकडे महिन्याच्या सुरुवातीला पेन्शन, आणि त्याखाली तिच्या बारीक, उजवीकडे कललेल्या अक्षरात:

खिडकीत दोन मुनिया.
वरण जमलं.
तळमजल्यावरच्या बाळाने हात केला.
काही नाही.
जिन्यात दम लागला नाही.

मी विचारलं, हे काय? ती जरा ओशाळली. म्हणाली, "पेन्शन महिन्यातून एकदा येते. बाकीचे एकोणतीस दिवस डावी बाजू मोकळी दिसायची. बघवत नव्हतं."

आईला मार्टिन सेलिगमन हे नाव माहीत नाही. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २००५ साली लोकांना आठवडाभर रोज रात्री दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी आणि त्या का घडल्या ते लिहायला सांगितलं होतं. आठवड्यानंतरही ज्यांनी स्वतःहून ते चालू ठेवलं त्यांच्यात सहा महिन्यांनीही उदासी कमी आणि समाधान जास्त दिसलं. "का घडली" हा भाग लोक सोडून देतात, पण खरी मेख तिथेच आहे. "भाजीवालीने कोथिंबीर दिली." का? कारण गेल्या आठवड्यात तिच्या मुलीच्या फॉर्मवरचं इंग्रजी मी वाचून दाखवलं होतं. म्हणजे त्या कोथिंबिरीत एक नातं होतं, जे लिहीपर्यंत मला दिसलंच नव्हतं.

रोज लिहायलाच हवं असंही नाही. सोन्या ल्युबोमिर्स्की यांना असं दिसलं होतं की आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. रोजचं काम झालं की ते हजेरीसारखं होतं. मनाला कशाचीही सवय होते. १९७८ साली लॉटरीची मोठी बक्षिसं लागलेल्या २२ जणांना विचारलं, तेव्हा ते इतरांपेक्षा फारसे सुखी निघाले नाहीत, उलट नाश्ता करणं, गप्पा मारणं अशा साध्या गोष्टींतला आनंद त्यांना कमी वाटत होता. आईच्या वहीतला "काही नाही" हा शब्द मला म्हणूनच मोलाचा वाटतो. ती स्वतःला फसवत नाही.

लिहायचा कंटाळा असेल तर चालायला जा. २०२० साली सॅन फ्रान्सिस्कोत वयस्क माणसांना आठ आठवडे, आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं फिरायला सांगितलं. निम्म्यांना वर एक सूचना होती: जे पाहून थक्क व्हाल असं काही शोधा, जुनी वाटही नव्या डोळ्यांनी बघा. सगळ्यांनी चालताना स्वतःचे फोटो काढायचे होते. आठवडे गेले तसं थक्क होणाऱ्यांच्या फोटोंत एक मजेशीर बदल दिसला. चौकटीत त्यांचा स्वतःचा चेहरा लहान लहान होत गेला आणि मागचं जग मोठं. हसूही वाढलं. पुण्यात यासाठी खर्च शून्य आहे. वेताळ टेकडीवर जुन्या दगडखाणीच्या कडेला पावसाळ्यात उभं राहा, नाहीतर पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून सकाळी खाली बघा. फक्त कानात फोन खुपसून, कालच्या मीटिंगचं उणंदुणं काढत चढू नका. बागांमधून सकाळी हात वर करून हो-हो-हा-हा करणारे हास्यक्लबही आहेत. ही कल्पना १९९५ साली मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी पाच जणांना घेऊन सुरू केली. मला स्वतःला ते लटकं हसू जमत नाही. पण आमच्या वरच्या मजल्यावरचे आजोबा रोज जातात, आणि मला वाटतं त्यांना बरं वाटतं ते हसण्यापेक्षा नंतरच्या अमृततुल्यातल्या अर्ध्या तासाने.

कारण शेवटी सगळ्यात जास्त भरणारी जमा माणसांकडूनच येते, आणि तिथे आपण पुणेकर हमखास कच्चे. दुःखात आपण धावून जातो, डबे पोचवतो, रक्त देतो. पण कुणी आनंद घेऊन आला की काय करतो? शेली गेबल यांनी जोडप्यांचा अभ्यास करताना हेच पाहिलं: चांगली बातमी सांगितल्यावर समोरचा काय करतो. चारच प्रकार असतात. माझी मुलगी एकदा शाळेतून आली आणि म्हणाली, "मला एकांकिकेत काम मिळालं!" यावर एक, "अरे वा! कोणतं काम? कसं निवडलं? म्हणून दाखव ना." दोन, मोबाइलमधून मान न काढता "छान". तीन, "आणि परीक्षा तोंडावर आहे त्याचं काय?" चार, "ते दूध बघ गं उतू जातंय." गेबल यांना दिसलं की नातं घट्ट होतं ते फक्त पहिल्या प्रकाराने. दुसरा प्रकारही, जो आपण बऱ्यापैकी समजतो, नात्याला फार काही देत नाही. मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या आनंदाने आनंदणं. करुणेपेक्षा ती अवघड असावी, असं मला अलीकडे वाटू लागलं आहे.

त्या दिवशी मी तिसरा आणि चौथा प्रकार एका वाक्यात बसवला होता. परीक्षेचं विचारलं आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायला सांगितल्या. तिने मोजल्या. एकांकिकेबद्दल पुढे काही सांगितलं नाही. ती भूमिका म्हातारीची होती, हे मला थेट प्रयोगाच्या दिवशी कळलं, आणि म्हातारी काठी टेकत कशी चालते ते ती माझ्या आईकडून शिकून आली होती. आईच्या वहीत त्या आठवड्यात होतं: "नातीला चालायला शिकवलं. दुसऱ्यांदा."

काल ती दारातूनच ओरडत आली, "आई, ऐक ना, ऐक ना!" दोन शिट्ट्या झाल्या होत्या. मी गॅस बंद केला.